मॉरिशसच्या भाऊबंदांना घराण्याची हकिगत : काय कळवावं, कसं कळवावं?

ओवसा

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आमचं गाव कणकवली तालुक्यात, मी राहते डोंबिवलीला. गणपतीच्या आधी गावच्या घरी थोरल्या काकांच्या नावे मॉरिशसहून एक जाडजूड पाकीट आलं. पाठवणाऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीला लिहिलं होतं, तिथून आमच्या वाडीचा पत्ता मिळाला. गृहस्थ वयाने माझ्याहून बरेच लहान, पण पिढ्या मोजल्या तर माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, म्हणजे माझे काका लागतात. मी त्यांना काकाच म्हणते. पत्र इंग्रजीत, शेवटच्या चार ओळी तेवढ्या देवनागरीत, पाटीवर गिरवल्यासारख्या. तिकडे प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो, तो त्यांनी घेतला होता. घरातली बोली मात्र क्रिओल.

पाकिटात मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून काढलेला उतारा होता. करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत. माणसाचा नंबर, बोटीचं नाव, त्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, सगळं एका ओळीत. नोंद १८६०च्या दशकातली. खुणेच्या रकान्यात लिहिलंय, ‘डाव्या भुवईवर व्रण’. गावाचं नाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय, पण मोठ्याने वाचलं की आमचंच गाव. जिल्हा रत्नागिरी, आणि ते बरोबरच, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला. बापाचं नाव आमच्या वंशावळीतल्या मूळ पुरुषाचं.

आमच्या घरात सर्वपित्रीला एक पान जास्त वाढतात. ‘बोटीतून गेला त्याचं’ एवढंच म्हणायचे, नाव कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मुंबईला कामाला गेला, तिथून बोटीत बसला आणि परत आला नाही, एवढीच हकिगत. आता त्याचं नाव कळलं. उंची कळली, भुवईवरचा व्रण कळला. थोरल्या काकांनी तो उतारा मला फोनवर पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

मॉरिशसच्या काकांनी विचारलंय ते असं : आपला देव कोणता? ज्या घरातून तो निघाला ते घर आहे का? मागे राहिलेल्या भावाचं पुढे काय झालं? आज घरात कोण कोण आहे आणि काय करतं?

इथेच गाडं अडलंय. भावकीतले दोघे-तिघे स्पष्ट म्हणाले, “तेका वाटो व्हयो आसतलो. एक शब्द लिवून देव नको.” दुसरं, आमच्याकडे जी वंशावळ आहे तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. तिसरं सगळ्यात अवघड आहे. आमच्या आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तो धाकटा भाऊ उगाच गेला नाही. थोरल्याने, म्हणजे माझ्या सख्ख्या खापरपणजोबांनी, कर्जापायी त्याच्या वाटणीची भातजमीन गहाण टाकली आणि त्यावरून भांडण झालं. हे कळवायचं की नाही?

मला उत्तर लिहायचंय आणि नीट लिहायचंय. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

---

पाणंद

ओवसाताई, माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली, म्हणून जमिनीचं आधी सांगतो.

घरगुती पत्रात पिढ्यांची नावं लिहिली म्हणून कोणाचा हक्क तयार होत नाही. वारस नोंद लागते तेव्हा मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत असं सगळं होऊन फेरफार पडतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या वाटणीवर आज दावा उभा राहणं फार कठीण. आणि सातबारा लपवून काय होणार? तो महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोणीही बघू शकतो. भावकीला हे समजावून सांगा. त्यांची भीती खोटी नाही, कोकणात सामाईक सातबाऱ्यावर शंभर-शंभर नावं असतात आणि एका सहीसाठी घरं पडून राहतात, म्हणून माणसं बिथरतात. फक्त ती भीती चुकीच्या माणसावर निघतेय.

मॉरिशसची मंडळी कागद का शोधतात तेही सांगून टाका. परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, ज्याला सगळे ओसीआय म्हणतात, ते साधारणपणे चौथ्या पिढीपर्यंतच मिळतं. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान तिकडे गेले होते, तेव्हा मॉरिशसकरांसाठी ते सातव्या पिढीपर्यंत देण्याची घोषणा झाली. या कार्डावर इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, हे मुद्दाम भावकीच्या कानावर घाला.

आता माहिती कुठून काढायची ते. जुने फेरफार आणि क-ड-ई पत्रक मागा, त्यात भावांच्या वाटण्या नावानिशी सापडतात. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. २०२३ला न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यात जुन्या नोंदी धुंडाळल्या गेल्या, मोडीतल्या वह्या वाचून घेतल्या, पुष्कळ ठिकाणी त्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चढवल्या. ते काम कुणबी नोंदींसाठी झालं, पण त्यामुळे कित्येक घरांना आपला पणजा पहिल्यांदा कागदावर दिसला. तुमच्या गावची पानंही असतील.

आणि गहाणाची गोष्ट खरी असेल तर तिचा माग कागदात लागायची शक्यता आहे. आत्यांना सावकाराचं आडनाव किंवा त्या शेताचं नाव आठवतं का विचारा. शेताचं नाव मिळालं तर अर्धं काम झालं.

---

उंबरठा

सर्वपित्रीचं पान वाचून भरून आलं. इतक्या पिढ्या बायकांनी ते न चुकता वाढलं, तेही नाव माहीत नसताना. हे मॉरिशसला आधी कळवा, बाकीचं सावकाश.

---

शिराळशेठ

एक सावधगिरी. गेलेल्यांबद्दल मोकळेपणाने लिहा, हयात माणसांबद्दल त्या त्या माणसाला विचारून. आमच्या घराण्यातल्या एका उत्साही काकांनी वंशावळीच्या एका संकेतस्थळावर सगळ्यांची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, फोन, सगळं चढवलं. बँका ओळख पटवायला हेच प्रश्न विचारतात. शिवाय माझ्या एका बहिणीचा घटस्फोट तिच्या सासरी-माहेरी सर्वांना माहीत होता, तरी तो अनोळखी लोकांनी वाचावा असं तिला वाटत नव्हतं, आणि तो तिचा हक्क होता. आजार, घटस्फोट, दत्तक, कोर्टकचेऱ्या हे ज्याचं त्यानेच सांगावं. हयात मंडळींचं नाव, गाव आणि ती काय करतात एवढं पत्राला पुरतं.

---

मधलीआळी

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सुधारून काढायच्या कामात मी आहे, त्यामुळे बायकांच्या नावांबद्दल बोलू शकते. कुलवृत्तांत काढायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. जुन्या प्रती उघडल्या की पुरुषाच्या नावापुढे शिक्षण, नोकरी, इनाम सगळं. बायकोपुढे ‘अमक्यांची कन्या’ आणि मुलींपुढे फक्त सासरचं आडनाव. काही ठिकाणी तेवढंही नाही, ‘तीन कन्या’ म्हणून मोकळे.

ओवसा, तुमच्याकडे मात्र एक साधन आहे आणि ते वंशावळीहून चांगलं आहे. म्हाळाला जे भटजी येतात त्यांच्याकडे किंवा घरातल्या जुन्या चोपडीत पितरांच्या नावांची यादी असेल. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्या जोडीने आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात, आणि आईकडच्या तीन पिढ्याही येतात. महालयात तर काका, आत्या, मामा, मावशी, बहीण, सासरा, मित्र, सगळ्यांसाठी जागा आहे. जी बाई वंशावळीतून गळते ती या यादीत सापडते. जुनी यादी फेकून नवी लिहायची सवय असते, तेवढं सांभाळा, माळ्यावर बघा. घरातलं कोणी कधी नाशिक-त्र्यंबकला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतही कुटुंबाची नावं मिळू शकतात. गाव आणि आडनाव सांगायचं, ते त्यांच्या पद्धतीने पान काढतात.

उरतं माहेर. ते आपल्याकडच्या कागदात जवळजवळ नसतंच, ते म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. ‘आजीचं माहेर कुठलं’ असं विचारलं तर “खंयचा काय की” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ओवसा, म्हणजे गौरीला वाहायची सुपं, घेऊन कोण कुठून यायचं? बाळंतपणाला कुठे गेली होती? मामा कुठल्या वाटेने यायचा? मग गावं निघायला लागतात. तुमचं नावच ओवसा आहे, तुम्हाला मी काय सांगणार.

---

कावेरीकाठ

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आम्ही ‘गेलेले’ आहोत. आमचं कुटुंब तंजावरचं, आता चेन्नईत. घरी बोलतो ती मराठी तुम्हाला कदाचित हसू आणेल, पण पोटची आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मूळ मुलुखापासून इतक्या लांब, तमिळ देशात, चोळांच्या देवळावर, एका घराण्याने आपली सगळी हकिगत दगडात लिहिली. लहानपणी आजोबा ती भिंत दाखवायचे आणि म्हणायचे, राजांचं लिहिलं गेलं, आपलं तू लिही.

माझ्या अनुभवावरून सांगतो, गेलेल्यांना नुसती नावांची माळ मिळाली तर फार उपयोग होत नाही. मला साताऱ्याकडच्या एका घराने वंशवृक्ष पाठवला, अगदी व्यवस्थित, आणि मी तो बघत बसलो, त्यात शिरायला कुठे जागाच नव्हती. मग त्या घरच्या वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, आज बेंदूर आहे, बैलांची शिंगं रंगवतोय, पोरगा बारावीला आहे, विहिरीला पाणी कमी आहे. त्या दिवशी मला नातं लागलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना सणासुदीचं, पाऊसपाण्याचं कळवतो, आणि त्या ओघात कधी पणजोबा येतात, कधी जुना वाडा येतो.

म्हणून काकांना आजचं लिहा. भात कापून झालं का, घरात कोण आजारी आहे, कोणाचं लग्न ठरलं. आणि त्यांनाही विचारा! आपण इथले लोक सांगायलाच बसतो. दीडशे वर्षं त्यांनी काय जपलं ते विचारा. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथली मराठी मंडळी ‘झाकरी’ म्हणून जो नाच करतात तो आपल्या कोकणातला जाखडी. तुमच्या गावात ज्या चाली आता कोणाला येत नाहीत त्या तिकडे असू शकतात.

---

रेवदंडा_बंदर

कावेरीकाठ, अगदी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागकडचे. पेणकर, रोहेकर, किहिमकर, आमची आडनावंच गावांवरून. नौगावला आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं आमचे सगळे म्हातारे सांगतात, तिथे त्यांचं स्मारकही आहे. आईच्या तिन्ही बहिणी साठच्या दशकात इस्राएलला गेल्या, आई ठाण्यात राहिली.

पत्रं होतीच, पण आमच्या घराला जोडून ठेवलं ते कॅसेटींनी. मावशी तिकडून कॅसेट भरून पाठवायची. मलिदा करताना गूळ घालू की साखर, पोहे किती वेळ भिजवू, असं आईला विचारायची आणि मागे नातवंडं हिब्रूत भांडत असायची. आई उत्तर भरून पाठवायची. आज दोघीही नाहीत. मावसबहिणींच्या मुलांना मराठी येत नाही, तरी ती पोरं त्या कॅसेटी ऐकतात, कारण आजीचा आवाज आहे.

ओवसा, तुमच्या थोरल्या काकांचा आणि आत्याचा आवाज आजच भरून घ्या. प्रश्न विचारून मुलाखत घेऊ नका, जुना फोटो हातात द्या आणि फोन चालू करून बाजूला ठेवा.

---

ओवसा

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये गावी जाऊन आले, त्यामुळे उशीर झाला.

पाणंदकाका, भावकीला तुमचं लिखाण वाचून दाखवलं. एकाने विचारलं, “खरांच शेतजमीन घेवक गावणा नाय?” खरंच नाही म्हटल्यावर वातावरण निवळलं. त्यांच्यापैकीच एकाने मग पडवीतली जुनी पेटी उघडून दिली. आत दोन फेरफारांच्या जुन्या नकला आहेत, मोडीत. तिसरा कागद वाळवीने खाल्लाय.

मधलीआळी, यादी सापडली! माळ्यावर नाही, देवघराच्या फडताळात, पंचांगांच्या गठ्ठ्यात. खापरपणजीचं नाव जानकी. तिच्या सासूचं नाव यमुना, म्हणजे बोटीतून गेलेल्याची आई. आजवर आम्ही तिला ‘म्हातारी’ म्हणत होतो, कारण तिच्याबद्दल एकच गोष्ट घरात चालत आलीय : धाकटा गेल्यावर ती रोज दिवेलागणीला खळ्यात येऊन उभी राहायची. सर्वपित्रीचं जास्तीचं पान तिनेच सुरू केलं असं आत्या सांगते, कारण तिथी माहीत नाही, गेला की आहे तेही माहीत नाही.

रेवदंडा_बंदर, आत्याचा आवाज भरला. तिच्या हातात पेटीतला तांब्याचा लहान पेला दिला. ती बोलत राहिली. शेताचं नाव ‘कोंडीचा मळा’. सावकाराचं आडनावही सांगितलं, ते घराणं अजून गावात आहे, म्हणून इथे लिहीत नाही. भांडणाबद्दल तिचं म्हणणं, थोरल्याने गहाण टाकलं ते बहिणीच्या लग्नासाठी, आणि धाकट्याला न विचारता. तो भर पावसात निघून गेला, जेवण ताटात होतं.

काकांशी आता व्हिडिओ कॉल होतो. ते आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आमची रात्रीची जेवणं झाली की त्यांची संध्याकाळ असते. त्यांच्या आजोबांपर्यंत सगळे उसाच्या मळ्यात होते. ते स्वतः शिक्षक, बायको परिचारिका, मुलगी बँकेत. आडनाव म्हणून ते लावतात ते मुळात पूर्वजाचं पहिलं नाव. तिकडे असं सरसकट झालं, सखाराम, बाबाजी, भिवाजी ही आडनावं झाली. देव कोणता ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांची आजी दर सोमवारी नारळ ठेवून हात जोडायची आणि ‘रवळनाथा’ म्हणायची. हे कोणाचं नाव, कुठला देव, घरात कोणालाच कळत नव्हतं. आमचा ग्रामदेव रवळनाथ. मी देवळाचा फोटो दाखवला तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

गहाणाचं अजून सांगितलेलं नाही. तुम्हा सगळ्यांना पुन्हा विचारते, सांगू का?

---

शिराळशेठ

माझं मत, नको. एका म्हाताऱ्या बाईची ऐकीव गोष्ट. दोन्ही भाऊ जाऊन शतक उलटलं. आता कुठे जवळ आलेल्या माणसांच्या मध्ये ती कशाला आणायची? पाच वर्षांनी, नातं मुरल्यावर सांगा हवं तर.

---

मधलीआळी

मला हे पटत नाही. त्यांनी थेट विचारलंय, ‘मागे राहिलेल्या भावाचं काय झालं’. कुलवृत्तांतात आम्ही हेच भोगतोय. प्रत्येक शाखेने आपल्या माणसाचं चांगलं तेवढं कळवलं, आणि आज चारशे पानं वाचून एकही माणूस डोळ्यासमोर उभा राहत नाही. सगळे सुस्वभावी, सगळे धार्मिक. एखादा घर सोडून गेला तर ‘परांगदा झाले’ एवढाच शेरा. का गेला, कोणावर रागावून गेला, हे लिहिलं असतं तर त्याच्या वंशजांना आज दार ठोठावता आलं असतं.

सांगा, पण कोणी सांगितलं, कोणाकडून ऐकलं, हे सोबत द्या. आत्याने तिच्या आजीकडून ऐकलं असेल तर तसं लिहा. कागदात सापडलं तर कागदाचा फोटो जोडा.

---

कावेरीकाठ

सांगा हो. पान वाढत राहिलात हेही त्याच पत्रात सांगा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम पोचतील. आणि आत्यांच्याच आवाजात ऐकवा.

---

ओवसा

एक वाईट बातमी. आमचे थोरले काका तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गेले. झोपेतच गेले. पाकीट त्यांच्याच नावे आलं होतं, आणि शेवटचे काही महिने त्यांनी आल्या-गेल्याला मॉरिशसचीच गोष्ट सांगितली.

मॉरिशसला सकाळीच कळवलं. तिथल्या काकांनी लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, “आम्ही किती दिवस पाळायचं?” मला पटकन सांगता येईना.

---

मधलीआळी

ओवसा, काकांना श्रद्धांजली. तुम्हाला आणि घरच्यांना धीर मिळो.

सुतकाचं सांगते. मूळ पुरुषापासून सात पिढ्यांपर्यंत सपिंड, त्यांना दहा दिवस. त्यापुढच्यांना, म्हणजे समानोदकांना, तीन दिवस. तुमचा आणि त्यांचा समाईक पूर्वज म्हणजे त्या दोन भावांचे वडील. त्यांना पहिली पिढी धरली तर मॉरिशसचे काका पाचव्या पिढीत येतात, तुम्ही सहाव्या. थोरले काकाही पाचव्याच. शास्त्राने बघितलं तर दहा दिवस. परदेशात, नोकरीधंद्यात ज्याला जसं जमेल तसं, त्याबद्दल कोणी कोणाला बोलू नये. पण त्यांनी विचारलंय तर आकडा खरा सांगा. या एका आकड्याने त्यांना आपण कोण लागतो ते कुठल्याही तक्त्याहून जास्त कळेल.

---

पाणंद

ओवसाताई, वाईट वाटलं. आम्ही वंशावळ चौकशीला गावात जायचो तेव्हा वयस्कर माणसाला हेच विचारायचो, ‘तुम्ही सुतक कोणाकोणाचं धरता?’ कागदावर नसलेल्या शाखा त्यातून निघायच्या. भांडण झालेली भावकी एकमेकांच्या लग्नाला जात नाही, पण सुतक धरते.

---

ओवसा

दहा दिवस सांगितलं. त्यांनी पाळलं. गोडधोड केलं नाही, देवाला हात लावला नाही, आणि दहाव्या दिवशी त्यांच्या वस्तीजवळच्या नदीवर जाऊन तीळ-पाणी सोडलं. मंत्र सांगायला तिथले मराठी महाराज होते. आमच्या भावकीत ही बातमी मी सांगायच्या आधीच पोचली होती. ज्यांनी ‘एक शब्द लिवून देव नको’ म्हटलं होतं, त्यांनीच बाराव्याला जमलेल्या लोकांना सांगितलं की मॉरिशसच्या घरानेही सुतक धरलं.

त्यानंतर मी गहाणाची हकिगत कळवली. आत्याचा आवाज पाठवला, खाली मराठी-इंग्रजी मजकूर टाईप करून. कोणाकडून कोणी ऐकलं तेही लिहिलं. सोबत सर्वपित्रीचं पान, यमुनाबाईचं खळ्यात उभं राहणं, सगळं एकाच पत्रात.

चार दिवस उत्तर नव्हतं. मग त्यांचं लांबलचक पत्र आलं. त्यांच्या घरात चालत आलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्याकडे सांगतात की मुंबईच्या बंदरावर एका मुकादमाने त्याला जवळच्या बेटावर चार महिन्यांचं काम आहे सांगून बोटीत चढवलं. भावाबद्दल तिकडे एकही वाईट शब्द नाही. उलट त्याने पहिल्या मुलाला थोरल्या भावाचं, माझ्या खापरपणजोबांचं नाव ठेवलं होतं. त्या मुलाच्या नावाचा दाखला त्यांनी जोडलाय. मी तो आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, “मगे रागान गेलो नाय तो.” आणि थोड्या वेळाने, “नाय तर राग मगे गेलो आसतलो.”

दोन्ही हकिगती मी एका वहीत लिहून काढल्यात, कोणी सांगितली, कधी सांगितली यासकट. एक प्रत गावच्या घरी, एक माझ्याकडे, एक मॉरिशसला.

---

नीरफणस

हा धागा पूर्ण वाचून काढला. ओवसामावशी, वही हाताने लिहिलीत ते छानच, पण स्कॅन करून ठेवा. आवाजाच्या फायली फोनवर ठेवून भागणार नाही, फोन बदलला की जातात. दोन वेगळ्या घरांत, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि फाईलच्या नावातच माणसाचं नाव, गाव, महिना आणि वर्ष घाला. ‘रेकॉर्डिंग ७’ म्हणून ठेवलेली फाईल दहा वर्षांनी कोणाचीच नसते. फोटोंच्या मागे शाईच्या पेनाने लिहू नका, मऊ शिसपेन्सिलने हलकं लिहा.

---

ओवसा

नीरफणस, भाचीला लावते त्या कामाला.

काका, काकू आणि त्यांची मुलगी पुढच्या गणपतीला गावी येतायत. भावकीने ठरवलंय की त्यांचा मुक्काम मूळ घरातच. घर आता मातीचं नाही, चिऱ्याचं आहे, पण जोतं तेच. मुलीला ओवसा कसा असतो ते बघायचंय. काकांना कोंडीचा मळा बघायचाय. तो आता आमच्याकडे नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारलं, ते म्हणाले, खुशाल या, भात पोटरीला आलेलं असेल.

त्याआधी ते दोन मोडी फेरफार वाचून व्हायला हवेत. कणकवली-कुडाळकडे मोडी वाचणारं कोणी माहीत आहे का?

---

पाणंद

माझ्याकडेच पाठवा, वाचून देतो. फोटो काढताना कागद दाबून सपाट करू नका, घडीवर फाटतो. फ्लॅश नको, सकाळी खिडकीपाशी ठेवून सरळ वरून काढा, आणि चारही कडा येऊ द्या, कारण तारीख आणि शेरा बहुधा समासात असतो. वाळवी लागलेला तिसरा कागदही पाठवा. उरलेल्या तुकड्यात गट किंवा सर्व्हे नंबर दिसला तरी कोंडीच्या मळ्यापर्यंत पोचता येईल.